वकिलाची कादंबरी आणि देवळीचा ताम्रपट

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की देवळी लागते. कापसाच्या पट्ट्यातल्या या गावात शके 862चा, म्हणजे इ.स. 940चा एक ताम्रपट सापडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने आपला भाऊ जगत्तुंग याला पुण्य लाभावं म्हणून नागपूर-नंदिवर्धन प्रांतातलं एक गाव दान दिलं, अशी त्यात नोंद आहे. रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला.

हा ताम्रपट वकिलाच्या हाती दिला तर तो म्हणेल, हा तर दस्त! देणारा कोण, घेणारा कोण, गाव कोणतं, चतुःसीमा काय, सगळं नोंदलेलं. आजच्या खरेदीखतातही हेच पाहतात. मात्र सुरुवातीला राजघराण्याची भरघोस स्तुती आहे. दानाची नोंद वकील पुरावा म्हणून दाखल करून घेईल आणि स्तुतीची उलटतपासणी घेईल. कादंबरीकाराला दोन्ही हवं असतं: नोंदीतून काळ उभा राहतो, स्तुतीतून त्या काळची माणसं स्वतःला कशी पाहत होती ते कळतं.

ही दोन्ही कामं एकाच माणसाने केल्याचं मराठीतलं ठळक उदाहरण म्हणजे भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य.

1861 साली कल्याणला जन्मलेले वैद्य एम.ए., एल्एल.बी. झाले आणि ग्वाल्हेर संस्थानाचे सरन्यायाधीश होते. 1908च्या पुण्याच्या साहित्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. मध्ययुगीन भारताचा इतिहास त्यांनी तीन खंडांत लिहिला. याच वैद्यांनी 1914 साली पानिपताच्या पार्श्वभूमीवर ‘दुर्दैवी रंगू’ ही कादंबरी लिहिली. पानिपत म्हटलं की सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आठवतात. वैद्यांनी कादंबरीला नाव दिलं रंगूचं. मोठ्या लढाईच्या निकालात ज्यांची बाजू कुणी मांडत नाही, त्यांचं जणू वकीलपत्रच त्यांनी घेतलं.

वकिलाने इतिहास लिहिण्याची ही परंपरा विदर्भातही आहे. बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहून इथल्या लेखकांसाठी भक्कम पाया घातला.

देवळीच्या ताम्रपटात राजा आहे, त्याचा भाऊ आहे, दान घेणारा आहे. दान दिलेल्या गावात नांगर धरणारी माणसंही असणारच. वर्धा-नागपूरच्या कोर्टांत रोज दस्त चाळणाऱ्या एखाद्या वकिलाने त्यांची बाजू मांडायला आता लेखणी उचलावी.