पाणी धरून ठेवणारें जाळें

मुळशीच्या आंबेमोहोर तांदळाची दाट पेज रात्रभर झांकून ठेवली, तर सकाळीं ती ओततां येत नाहीं. थिजून थलथलीत झालेली असते. वस्तुतः तिच्यांत बहुतेक भाग पाण्याचाच असतो. वाहणें हा ज्याचा धर्म, तें पाणी स्थिर कसें झालें?

याचें उत्तर रेणूंच्या परस्पर आकर्षणांत आहे. तांदुळांतील पिष्ट म्हणजे शर्करेच्या असंख्य मण्यांची माळ. अशा दीर्घ माळेस रसायनशास्त्रांत पॉलिमर म्हणतात. भात उकळतांना कांहीं माळा पाण्यांत मोकळ्या होतात. पेज निवतांच त्या परस्परांस हायड्रोजन-बंधांनीं धरतात. एकेक बंध दुबळा, पण असंख्य मिळून जाळें विणलें जातें व त्यांत पाणी अडकतें. हेंच हायड्रोजेल. बंध थोडे असल्यास पेज पातळ राहते. फार वाढल्यास जाळें आकसतें आणि शिळ्या पेजेवर पाणी सुटतें.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन १९५० सालीं झालें. तेथें डॉ. रघुनाथ माशेलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा जेलांचा सखोल अभ्यास केला. पाणी शोषणाऱ्या कृत्रिम जेलांतील माळा पक्क्या रासायनिक बंधांनीं जोडलेल्या असतात, म्हणून त्या विरघळत नाहींत. शिवाय त्यांवर ऋण विद्युद्भार असतो. समान भार एकमेकांस दूर लोटतात, जाळें फुगतें, आणि कोरडा कण शुद्ध पाण्यांत स्वतःच्या वजनाच्या शेंकडों पट पाणी पितो.

मुळशींत पावसाळ्यांत पाणी कोसळतें. पण उतारावरील पातळ मातींत तें टिकत नाहीं, व उन्हाळ्यांत नवीं रोपें सुकतात. खड्ड्यांतील मातींत असे कण मिसळल्यास मुळांशीं ओल अधिक दिवस राहूं शकते. मात्र क्षारयुक्त पाण्यांत भारांचें परस्पर लोटणें मंदावतें. जड पाण्यांतील कॅल्शियम तर दोन माळांस एकत्र बांधून टाकतो. मग तोच कण पुष्कळच कमी फुगतो. म्हणून खरेदीपूर्वीं चिमूटभर कण पावसाच्या पाण्यांत व तितकेच विहिरीच्या पाण्यांत भिजवून पाहावे; फरक डोळ्यांनाच दिसेल.

जेल पाणी निर्माण करीत नाहीं. मिळालेलें पाणी धरून ठेवतें. तें किती धरील, हें त्याच्या रेणूंचे आपसांतील व पाण्याशीं असलेले बंध ठरवितात.