नवागतांचे सोबती

ऑगस्ट उजाडला की अमेरिकेतील विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी दाखल होऊ लागतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी एफ-१ व्हिसावर येणाऱ्यांना अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी फार तर ३० दिवस आधी देशात प्रवेश मिळतो. तेवढ्या अवधीत घर, बँकेतील खाते आणि विषयांची निवड उरकायची असते. म्हणूनच अनेक विभागांत नवागताला एक ज्येष्ठ विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून नेमून दिला जातो.

कोणता विषय किती वेळ मागतो, वर्गात प्राध्यापकांना शंका विचारणे येथे उद्धटपणाचे का मानले जात नाही, हे पुस्तिकेत सापडत नाही. ते सोबत्याकडूनच कळते. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात आलेल्या भीमराव आंबेडकरांनाही लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना यांची सोबत लाभली. ती मैत्री आयुष्यभर टिकली.

मात्र या मार्गदर्शनाला मर्यादा आहे. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. परवानगीवाचून बाहेर नोकरी केल्यास, किंवा विषय सोडल्याने पूर्णवेळ नोंदणी मोडल्यास, विद्यार्थ्याचा कायदेशीर दर्जा धोक्यात येतो. तेथे ‘आम्हीही असेच केले होते’ हा दाखला कामी येत नाही. अशा वेळी स्वतः उत्तर न देता नवागताला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडे धाडणे, हेच चांगल्या मार्गदर्शकाचे लक्षण होय.