मागचं चाक काढताना

सायकलचं पुढचं चाक काढणं सोपं: नट सैल केले की ते फोर्कमधून सुटतं. खरी परीक्षा मागच्या चाकाची. साध्या, बिनगिअरच्या सायकलीत नट सैल करून चाक थोडं पुढे ढकला, चेन उतरवा, मग मागे ओढून घ्या. वायसर कुठल्या क्रमाने होते, ते मोबाइलवर टिपून ठेवलेलं बरं.

बसवताना नट घट्ट का लागतात? क्रँकची लांबी साधारण 170 मिलिमीटर, तर 44 दात्यांच्या पुढच्या चक्राची त्रिज्या सुमारे 89. त्यामुळे आडव्या क्रँकच्या पॅडलवर 50 किलोचा भार दिला, तर चेनवर जवळजवळ 95 किलोचा ताण येतो, आणि तोही फक्त उजव्या बाजूला. त्याला अडवतं नट आणि फ्रेममधलं घर्षण. नट ढिला राहिला की आसाचं उजवं टोक पुढे सरकतं आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासू लागतो.

म्हणून दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळा. चेन मधोमध बोटाने सेंटिमीटरभर वर-खाली हलायला हवी. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून देणारे मिस्त्री भेटतात. त्यांचं ऐकू नका, त्याने बेअरिंग झिजतात. ब्रेक सोडवला असेल, तर स्वारीआधी तो पुन्हा जोडा.