वास घेऊ नका

मुलीकडे अमेरिकेत फीनिक्सला गेले होते. तिथल्या एका संग्रहालयाच्या पत्रकात अपाची या तिथल्या मूळ रहिवाशांच्या फिडलचा फोटो दिसला. गोल नळी, तिच्यावर रंगवलेले त्रिकोण आणि खाली ओळ : अगावेच्या फुलोऱ्याचा दांडा. अगावे म्हणजे आपली घायपात की! आमच्या बांधावर गुरं आत शिरू नयेत म्हणून लावलेली. तिच्यातून सूर निघतो, हे बघायलाच हवं होतं.

वेळ मागून घेतली आणि कोठारात गेले. हातमोजे घातलेल्या बाईंनी खोक्यातून फिडल उचलली. कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढीच. मऊ ब्रशने धूळ झटकून झाली, नोंद झाली. "आत ४५ टक्के आर्द्रता ठेवतो," बाई म्हणाल्या. बाहेर वाळवंटात ओठ फुटत होते. ज्या उन्हात हा दांडा वाढला, त्याच उन्हापासून त्याला जपायचं. ४५ टक्के!

दांडा उभा चिरलेला, आतला भुसभुशीत गाभा कोरून काढलेला, मग दोन्ही भाग जुळवून तांतीने करकचून बांधलेले. वर एक खुंटी. तार एकच, घोड्याच्या केसांची. छोट्या वाकड्या गजालाही तेच केस. घोडे या मुलखात स्पॅनिशांनी आणले, म्हणून काहीजण या वाद्याला युरोपी व्हायोलिनची नक्कल म्हणतात. मला पटत नाही. नक्कल करणारा पेटी ठोकेल, घायपात कशाला कोरेल? अपाची लोक तर याला 'गाणारं लाकूड' म्हणतात.

मी जरा वाकले. राळेचा वास उरला असेल, असं वाटलं.

"वास घेऊ नका."

कीड लागू नये म्हणून पूर्वी संग्रहालयं अशा वस्तूंना आर्सेनिक लावत. मी समजत होते, हातमोजे फिडलला जपायला आहेत. ते बाईंनाही जपत होते.

तार ढिली पडली होती. खुंटी पिळायची नाही, गज लावायचा नाही. बाहेर मात्र हे वाद्य गप्प नाही. सान कार्लोस अपाची असलेल्या चेस्ली गोसेयुन विल्सन यांना फिडल घडवण्या-वाजवण्याबद्दल १९८९ साली अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. इथे खोक्यात ४५ टक्के.

गावी परतल्यावर बांधावरचा एक वाळका दांडा मोडला. हातात अगदीच हलका लागला. नाकाशी नेला, तर जुन्या गोणपाटाचा वास आला.