तुलना कोणाशी?

एखाद्या वॉर्डात 40 रुग्णांना नवे औषध दिले आणि त्यांतले 30 बरे झाले, एवढ्यावरून त्या औषधाबद्दल काहीच सांगता येत नाही. ते 30 जण जुन्या औषधाने किंवा नुसत्या विश्रांतीनेही बरे झाले असते का, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ येत नाही. पुष्कळसे ताप आपोआप उतरतात. सांधेदुखी, दमा यांसारखी दुखणी कमी-जास्त होत राहतात आणि रुग्ण दवाखान्यात येतो तो त्रास वाढलेला असताना. म्हणजे पुढे तो थोडा उतरण्याचीच शक्यता जास्त. तुलना कोणाशी, कशी आणि कधी करायची, हे पहिला रुग्ण नोंदवण्यापूर्वीच ठरवणे म्हणजे संशोधनाचा आराखडा.

त्याची सुरुवात प्रश्नापासून होते. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने थिसीससाठी ‘मधुमेही रुग्णांचा अभ्यास’ असा विषय घेतला, तर तो विषय आहे, प्रश्न नव्हे. ‘नव्याने मधुमेह निघालेल्या 30 ते 60 वयाच्या रुग्णांनी रोज अर्धा तास चालल्यास, न चालणाऱ्यांच्या तुलनेत, सहा महिन्यांत त्यांचे एचबीएवनसी किती उतरते?’ हा प्रश्न झाला. कोण, काय, कशाच्या तुलनेत, कोणते मोजमाप आणि किती काळ, हे सगळे त्यात आले. पुढची पद्धत या वाक्यातूनच निघते.

एखादा आजार लोकांत किती आहे एवढेच पाहायचे असेल, तर ठरावीक काळात तपासणी करून मोजणी करणे पुरते. मात्र मोजणी कोठे केली याला फार महत्त्व आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला; त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम 8 टक्के. हीच मोजणी रुग्णालयाच्या ओपीडीत केली असती, तर उरलेल्या स्त्रिया हिशेबात आल्याच नसत्या. ओपीडीतले रुग्ण म्हणजे गाव नव्हे, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारे उदाहरण क्वचित सापडेल.

कारण शोधायचे आणि आजार विरळ असेल, तर उलट्या दिशेने जावे लागते: आधी आजारी माणसे घ्यायची, मग आजार नसलेली, आणि दोघांच्या भूतकाळात पाहायचे. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे 709 रुग्ण आणि इतर आजारांचे तितकेच रुग्ण घेऊन त्यांच्या धूम्रपानाची चौकशी केली. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही बाजूंना 649 पुरुष होते. कॅन्सर झालेल्यांत धूम्रपान न करणारे निघाले फक्त 2, तुलनेच्या गटात 27. नुसते कॅन्सरचे रुग्ण पाहिले असते तर जवळजवळ सगळेच ओढणारे दिसले असते. पण त्या काळी इंग्लंडात बहुतेक पुरुष ओढतच होते. पुरावा तयार झाला तो त्या 27 जणांमुळे.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे भूतकाळाची माहिती. आजारी माणूस ‘हे मला कशामुळे झाले’ याचा विचार करून थकलेला असतो, त्यामुळे त्याला जास्त आठवते. जुन्या केस पेपरवर विसंबावे, तर तंबाखूचा रकाना कोरा: रुग्ण खात नव्हता, की कोणी विचारलेच नव्हते? आणि विचारले तरी प्रश्न नेमका हवा. रोज सकाळी मिश्रीने दात घासणारी बाई ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, पण तिच्या लेखी ते तंबाखू खाणे नव्हे. प्रश्नावली आधी दहा-वीस जणांवर वापरून पाहिली, तर अशा चुका वेळेत सापडतात.

डॉल आणि हिल पुढे सरळ दिशेने गेले. 1951 साली त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना त्यांच्या सवयी विचारल्या आणि कोणाला काय होते याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली. इथे सवय आधी नोंदली जाते आणि आजार नंतर येतो, म्हणून कारण-परिणामाचा क्रम पक्का राहतो. वेळ मात्र फार लागतो; तीन वर्षांच्या थिसीसमध्ये हे सहसा बसत नाही.

उपचाराचा गुण पाहायचा तर रुग्णांची वाटणी हवी, आणि ती डॉक्टरच्या हातात नको. डॉक्टर नकळत बऱ्या प्रकृतीच्या रुग्णाला नवे औषध देतो, किंवा दयेपोटी सर्वांत खंगलेल्याला. दोन्हींमुळे तुलना बिघडते. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने 1948 साली प्रसिद्ध केलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हिल यांनी ही वाटणी यादृच्छिक अंकांवर सोपवली आणि ती बंद लिफाफ्यांत ठेवली. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे ठरल्यावरच त्याचा लिफाफा उघडायचा. औषध तेव्हा इतके दुर्मीळ होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते. 55 क्षयरुग्णांना विश्रांतीसोबत स्ट्रेप्टोमायसिन मिळाले, 52 जणांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 दगावले, दुसऱ्यात 14. एक्स-रे वाचणाऱ्यांना तो कोणत्या गटातल्या रुग्णाचा आहे हे कळू दिले नव्हते, कारण अपेक्षा असली की डोळ्यांना सुधारणा दिसू लागते.

कधी माणसांऐवजी गावांची वाटणी करावी लागते. एकाच गल्लीत एकीची तपासणी आणि शेजारणीची नाही, हे व्यवहारात टिकत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात गावांचे 52 समूह करून ते चार गटांत वाटले होते. 2009 साली आलेल्या निष्कर्षांनुसार एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात 64. या दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले. एथिक्स कमिटीपुढे ‘तुलना कोणाशी’ हा प्रश्न असाच येतो: तुलनेतल्या माणसाला काय मिळणार आहे?

रुग्ण किती घ्यावेत, याचे उत्तर अपेक्षित फरकात असते. मृत्यूचे प्रमाण 20 टक्क्यांवरून 10 वर येईल असा अंदाज असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 200 रुग्ण लागतात. 20 वरून 15 वर येणार असेल, तर सुमारे 900. हा हिशेब असा, की खरा फरक पाचपैकी चार वेळा हाती लागावा आणि नसलेला फरक दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांवर जाऊ नये. सोयीने घेतलेल्या 30-30 रुग्णांत ‘फरक आढळला नाही’ असे निघाले, तर फरक नाही असे सिद्ध होत नाही; तो दिसण्याइतके रुग्णच नव्हते.

मुख्य मोजमाप कोणते हेही आधी लिहून ठेवावे लागते. वीस गोष्टी मोजल्या तर एखादीत निव्वळ योगायोगाने फरक दिसतोच, आणि नंतर तीच मुख्य होती असे म्हणण्याचा मोह होतो. म्हणूनच भारतात औषधांच्या चाचण्यांची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियामध्ये आगाऊ नोंदणी 15 जून 2009 पासून बंधनकारक झाली. मोजमापाची वेळही त्यातच ठरते. स्ट्रेप्टोमायसिनच्या त्या रुग्णांचा पाठपुरावा पुढे चालू राहिला आणि पाच वर्षांनी हिशेब पाहिला, तेव्हा औषध मिळालेल्या 55 पैकी 32 आणि न मिळालेल्या 52 पैकी 35 जण दगावलेले होते. सहा महिन्यांचा ठळक फरक जवळजवळ पुसला गेला होता. अनेकांच्या शरीरातले जंतू एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. त्यामुळेच कौन्सिलच्या पुढच्या चाचणीत त्याच्या जोडीला पॅस हे दुसरे औषध दिले गेले.