मिठाचा आवाज

भरतीच्या ओल्या वाळूत मेटल डिटेक्टर का बडबडतो? खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे. यंत्राची कॉइल त्यावर आली की पाण्यातच क्षीण प्रवाह फिरू लागतात आणि धातू नसतानाही यंत्र बोलते. रत्नागिरीच्या मांडवीसारख्या किनाऱ्यावर काळ्या वाळूची भर पडते. तिच्यातले लोहयुक्त कण चुंबकीय प्रतिसाद देतात. एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला मीठ आणि काळी वाळू एकाच वेळी नीट वजा करता येत नाहीत. अनेक फ्रिक्वेन्सींचे यंत्र निरनिराळे प्रतिसाद ताडून पाहते आणि दोन्ही बऱ्याच अंशी वगळते.

माझी रीत अशी : ओल्या वाळूत धातू नसलेली जागा निवडायची, कॉइल खाली-वर करत ग्राउंड बॅलन्स साधायचा. आवाज उरलाच तर सेन्सिटिव्हिटी थोडी थोडी उतरवायची. मग कॉइल एकाच उंचीवर, सावकाश फिरवत पाण्याच्या रेषेला समांतर चालायचे. कोरड्यातून ओल्यात शिरले की बॅलन्स बिघडतो.

नको ते आवाज गाळण्याची सोय मात्र मी जवळजवळ बंदच ठेवतो. बारीक सोन्याचा प्रतिसाद मिठाच्या अगदी शेजारी येतो. मीठ पुरते गप्प केले, तर नाजूक साखळीही गप्प होते. लाटांत हरवलेली साखळी शोधायला कुणी बोलावते, तेव्हा हे फार महत्त्वाचे ठरते. ‘इथे नाही’ असे सांगण्यापूर्वी आपण यंत्राला काय ऐकू नकोस म्हणून सांगितले आहे, ते आधी तपासावे.