घरातले थिएटर (भाग ७) : सबवूफर किती वाजवायचा?

सबवूफर घरी आला की बहुतेक ठिकाणी त्याची पातळी पहिल्याच संध्याकाळी ठरून जाते. एखाद्या युद्धपटातला स्फोट लावायचा, पेटीच्या मागचे गेनचे बटण फिरवत न्यायचे आणि शोकेसमधल्या काचा थरथरल्या की हात काढायचा. पुढे वर्षभर संवाद नीट कळत नाहीत म्हणून सेंटर स्पीकरला बोल लावले जातात, गाण्यातला डग्गा ढोलासारखा का वाजतो याचे कोडे पडते. याच्या उलट टोकाला आकडेवाले असतात. मीटर आणायचा, ७५ डेसिबल लावायचे, विषय संपला. मला दोघांचेही म्हणणे अपुरे वाटते. सबवूफरची पातळी मोजूनच ठरवायची, पण ती सर्वांत शेवटी. पेटीची जागा आणि मुख्य स्पीकरशी तिचा मेळ जमण्याआधी घेतलेला आकडा कितीही नेमका असला तरी तो कसलाच आकडा नसतो. आणि मोजून झाल्यावर आवडीनिवडीला जागा उरते, ती आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी असते.

आधी हे ७५ येतात कुठून ते पाहू. सिनेमाचा आवाज ज्या मोठ्या स्टुडिओत मिसळला जातो, तिथे एक संकेत पाळला जातो. डिजिटल कमाल मर्यादेच्या २० डेसिबल खालचा पिंक नॉइज प्रत्येक मुख्य स्पीकरमधून सोडला की श्रोत्याच्या जागी मीटरवर ८५ डेसिबल दिसले पाहिजेत. म्हणजे एका स्पीकरला शिखर गाठायला १०५ डेसिबलपर्यंत वाव राहतो. घरातल्या खोलीत ८५ डेसिबलचा तो सततचा सुसाट आवाज सहन होत नाही, म्हणून रिसीव्हर हाच आवाज आणखी १० डेसिबल खाली सोडतो आणि आपण ७५ वर जुळवतो. संदर्भ तोच, फक्त पायरी खालची. ५.१ मधल्या 'पॉइंट वन'ला, म्हणजे एलएफई या खास खर्जाच्या वाहिनीला, मुख्य वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल जास्त वाव दिलेला असतो; तिचे शिखर ११५ पर्यंत जाते. याचे मूळ १९७७ सालच्या ७० मिलिमीटर प्रतींमध्ये आहे. 'स्टार वॉर्स'च्या वेळी पडद्यामागचे काही स्पीकर निव्वळ खर्जाच्या कामाला लावले गेले, कारण कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो आणि मुख्य वाहिन्यांत तेवढी ताकद उरत नव्हती. या १० डेसिबलवरून एक गैरसमज मात्र पक्का बसला आहे. पुष्कळ जण सबवूफर मुद्दाम ८५ वर लावतात आणि 'एलएफईला दहा जास्त लागतात' असे सांगतात. ते दहा रिसीव्हर सिनेमा वाजवताना स्वतःच देतो. त्याच्या स्वतःच्या चाचणी-आवाजावर सबवूफरही इतरांसारखा ७५ वरच लावायचा.

मोजण्याच्या साधनाबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. मीटरवर ए आणि सी अशी दोन वजने असतात. ए वजन मंद आवाजातल्या कानाच्या संवेदनेवर बेतलेले आहे, त्यामुळे ते खर्ज जवळजवळ मोजतच नाही. ६३ हर्ट्झला ते २६ डेसिबल कापते आणि ३१.५ हर्ट्झला ३९. सी वजन ३१.५ हर्ट्झला जेमतेम ३ डेसिबल कापते. सबवूफर ए वजनावर लावला तर ७५ दिसेपर्यंत शेजारी दारात उभे राहतील. मोबाइलवरच्या फुकट ॲपचीही हीच अडचण आहे. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचा खर्ज त्यात मुद्दाम गाळलेला असतो, म्हणून फोनवर कमी दिसले की माणूस सबवूफर वाढवत सुटतो. डाव्या-उजव्या स्पीकरची तुलना करायला फोन चालेल, सबवूफरसाठी नाही. साधा मीटर सी वजनावर आणि 'स्लो'वर ठेवून, बसल्यावर कान जिथे येतात तिथे धरला तरी भागते. त्याहून चांगले हवे असेल तर मिनीडीएसपीचा युमिक-१ सारखा, बरोबर सुधारणा-फाइल मिळणारा माइक आणि रूम ईक्यू विझर्ड हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावे. इतर स्पीकरचा चाचणी-आवाज 'शूऽऽ' असा एकसारखा येतो आणि आकडा स्थिर राहतो. सबवूफरचा आवाज मात्र गुरगुरतो, आकडा तीन-चार डेसिबल वरखाली नाचत राहतो. सर्वांत मोठा आकडा पकडू नका, अर्धा मिनिट पाहून मधला धरा. मोजायला बसण्यापूर्वी पेटीच्या मागे एकदा डोकवावे : वायर एलएफई लिहिलेल्या खाचेत, क्रॉसओव्हरचे, म्हणजे कुठल्या सुराखाली सबवूफरने वाजायचे ते ठरवणारे, बटण शेवटपर्यंत वर (नाहीतर रिसीव्हर आणि पेटी दोघेही गाळतात), गेन साधारण मध्यावर.

आता मुख्य गोष्ट. मीटरवर जे ७५ दिसतात ते सबवूफरचे नसतात, ते सबवूफर आणि खोली यांचे मिळून असतात. आणि या भागीदारीत खोलीचा वाटा मोठा आहे. आपल्याकडच्या बारा बाय दहाच्या खोलीचे उदाहरण घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बरोबर बसते ती वारंवारता तिथे घुमते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर बारा फुटांसाठी ती साधारण ४७ हर्ट्झ येते, दहा फुटांसाठी ५६. बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे हे सगळे ऐन संगीताच्या मुलखात घडते. ४७ हर्ट्झचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध सर्वांत कमी. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असेल तर हा एक सूर अंगावर येतो, खोलीच्या मध्यावर असेल तर तोच नाहीसा होतो. लहान खोलीत शेजारशेजारच्या सुरांत १०-१५ डेसिबलचा फरक पडणे अगदी नेहमीचे आहे. मीटर या सगळ्या चढउतारांची सरासरी काढून शांतपणे ७५ दाखवतो. त्या ७५ मध्ये एक सूर ८२ वर बोंबलत असतो आणि दुसरा ६५ वर दबलेला असतो. ऐकणारा म्हणतो, सबवूफर जास्त झालाय. कमी केला की म्हणतो, दम राहिला नाही. दोन्ही वेळा तो खरेच बोलत असतो. बटण फिरवून यातले काहीच सुटत नाही, कारण बटण सगळे सूर एकदम उचलते आणि एकदम खाली ठेवते.

यात आपल्या घरांचा एक विशेष आहे. होम थिएटरवरचे बहुतेक लिखाण आणि व्हिडिओ अमेरिकेतून येतात. तिथल्या घरांच्या भिंती लाकडी सांगाड्यावर ठोकलेल्या जिप्सम बोर्डाच्या असतात. अशी भिंत खर्जाबरोबर स्वतः हलते, थोडा खर्ज शोषते, थोडा बाहेर सोडते. विटांची किंवा आरसीसीची भिंत बहुतेक सगळा परत फेकते. त्यामुळे वरचा ४७ हर्ट्झचा सूर पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये जास्त टोकदार असतो आणि थांबायलाही जास्त वेळ घेतो. 'कोपऱ्यात ठेवा, खर्ज फुकट वाढेल' हा तिकडचा सल्ला इथे जपून घ्यावा. कोपरा खोलीतला प्रत्येक घुमार चेतवतो, आणि आपल्याकडे कमतरता खर्जाची क्वचितच असते, सारखेपणाची असते. पेटीची जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, म्हणजे आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खालीवर चालणारी बास गिटार असलेले गाणे लावायचे आणि भिंतीच्या कडेकडेने कान जमिनीजवळ नेऊन फिरायचे. जिथे सगळे सूर सारख्या ताकदीने येतात तिथे पेटी ठेवायची. दिसायला हास्यास्पद, पण ध्वनिशास्त्राला धरून आहे. उगम आणि श्रोता यांची अदलाबदल केली तरी मधला मार्ग तोच राहतो.

जागेनंतर फेज, म्हणजे सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्या लाटांचा मेळ. क्रॉसओव्हरपाशी, म्हणजे सहसा ८० हर्ट्झच्या आसपास, सबवूफर आणि पुढचे स्पीकर एकच सूर एकत्र वाजवत असतात. तिथे तरंगलांबी ४.३ मीटर आहे. दोघांच्या येण्यात तिच्या अर्ध्याचा, म्हणजे सव्वादोन मीटरांच्या आतबाहेरचा फरक पडला तर ते एकमेकांना खोडतात. मग संवादात पुरुषाचा आवाज पोकळ येतो, ढोलाची थाप विरते, आणि माणूस सबवूफर वाढवतो. पण मेळ बिघडलेला असताना पातळी वाढवली की ८० जवळचा खड्डा नीट भरत नाही आणि ४० जवळचा ढिगारा तेवढा उंच होतो. ८० हर्ट्झचा सूर लावून फेज शून्य आणि १८० करून पाहावी आणि जिथे मीटर जास्त दाखवेल ती ठेवावी. रिसीव्हरने सबवूफरचे अंतर टेपपेक्षा दोन-चार फूट जास्त लिहिले असेल तर ते 'दुरुस्त' करू नका. पेटीतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्याने त्यात धरलेला असतो.

इथे कोणी विचारेल, हे सगळे रिसीव्हर माइक लावून आपोआप करतोच की. करतो, आणि बऱ्यापैकी करतो. डेनॉन आणि मरांझमधली ऑडिसी ही आपोआप जुळवणी सबवूफरची पातळी सहसा ठीक लावते. पण ती पेटी उचलून दुसऱ्या भिंतीशी नेऊ शकत नाही. उंच शिखर तिला छाटता येते, खोल खड्डा भरता येत नाही. १० डेसिबलचा खड्डा भरायचा म्हणजे ॲम्प्लिफायरकडून दहापट वॅट मागायचे, आणि खोली जिथे सूर खोडतेच आहे तिथे तेही वाया जातात. शिवाय यंत्राने काढलेला ट्रिम, म्हणजे रिसीव्हरने सबवूफरच्या पातळीत केलेली भर किंवा घट, एकदा पाहावा. तो उणे १२ वर टेकला असेल तर खालची मर्यादा गाठली गेली आहे आणि त्यापुढे खरी पातळी काय ते यंत्रालाही माहीत नाही. पेटीचा गेन कमी करून मोजणी पुन्हा करावी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : नीट ७५ वर लावला की सिनेमा बेचव लागतो, मग कान खोटे का मीटर खोटा? दोघेही खरे. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले आणि आजचे आयएसओ २२६ हे मानकही तेच सांगते की आवाज खाली केला की खर्ज कानावरून इतरांपेक्षा लवकर ओसरतो. १००० हर्ट्झचा सूर ८० डेसिबलवरून ४० वर आणला, तर ६३ हर्ट्झचा सूर त्याच्याइतकाच मंद वाटायला अवघा २५ डेसिबल उतरवावा लागतो, ३१.५ हर्ट्झचा २१-२२. घरी कोणीही संदर्भ पातळीवर सिनेमा पाहत नाही, वीस डेसिबल खाली पाहतो. सगळे सारखे वीस उतरले की कानाच्या हिशेबाने खर्ज सहा-सात डेसिबलांनी तरी उणा पडतो. म्हणजे वाढवण्याची इच्छा रास्त आहे. हार्मनच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली श्रोत्यांच्या हाती खर्जाचे बटण दिले तेव्हाही सपाट खर्जापेक्षा वाढवलेलाच पसंत पडला, आणि कान न घडवलेल्यांना घडवलेल्यांपेक्षा जास्त लागला. गणपतीच्या मिरवणुकीतल्या 'डॉल्बी'वर घडलेल्या कानांना किती लागेल हा वेगळा विषय.

पण मग हिशेबातले सहा-सात सरळ सबवूफरला का देऊ नयेत? कारण कानाची ही गरज ८० हर्ट्झला अचानक संपत नाही, ती वर दोन-तीनशेपर्यंत हळूहळू ओसरत जाते. सबवूफरची वाढ मात्र क्रॉसओव्हरला येऊन थांबते. तिथे पायरी पडते आणि ती गुंजन म्हणून ऐकू येते. शिवाय ज्या कारणाने खर्ज लवकर ओसरतो, त्याच कारणाने तो वाढतोही लवकर, ३१.५ हर्ट्झला ६ डेसिबल कानाला मधल्या पट्टीतल्या जवळपास अकरासारखे वाटतात. म्हणून तीन, फार तर पाच. ऑडिसीचे डायनॅमिक ईक्यू चालू असेल तर तेही नको, कारण ही भर ते आवाजाच्या पातळीप्रमाणे आणि उतार ठेवून स्वतःच घालते. संगीत ऐकताना ते जड वाटले तर त्यातला रेफरन्स ऑफसेट १० वर न्यावा.

नेमके मोजून लावलेला सबवूफर खालच्या मजल्याला त्रास देणार नाही असा मात्र अर्थ काढू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण ती ए वजनाने, आणि ए वजन खर्जाला किती कापते ते वर आलेच आहे. कागदावर तुम्ही नियमात असाल आणि स्लॅबखाली कोणाची तरी झोप उडालेली असेल. रात्री दहानंतर ट्रिम पाचाने उतरवावा.

तर या रविवारी एवढे करा. जागा आणि फेज पक्की झाल्यावर ७५ डेसिबलला येणारा ट्रिम कागदावर लिहा आणि तो कागद रिसीव्हरच्या झाकणावर चिकटवा. त्यावर आपल्या आवडीचे किती घातले तेही शेजारी लिहा. आठवडाभर दोन्हींना हात लावू नका, सिनेमा, बातम्या, गाणी सगळे त्याच पातळीवर ऐका आणि मगच बदला. एवढे करूनही सोफ्याच्या एका टोकाला खर्ज भरपूर आणि दुसऱ्या टोकाला गायब असेल, तर दोष पातळीचा नाही. त्याला दुसरा सबवूफर लागतो. तो कुठे ठेवायचा ते पुढच्या आठवड्यात.